मॉरिशस : किनाऱ्यापलीकडे काय काय पाहावं?

कॉलेजरोडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब मॉरिशसला जायचं ठरतंय. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, मुलं शाळेतली. टूरवाल्यांनी पाठवलेल्या कार्यक्रमात सगळे दिवस उत्तरेकडच्या एकाच रिसॉर्टमध्ये मुक्काम आहे. बोटीची सफर, पॅरासेलिंग, खरेदी आणि एक दिवस "दक्षिण दर्शन". मी विचारलं की बाकीच्या बेटावर काय आहे, तर उत्तर आलं, "ताई, तिथे समुद्र सोडून बघायचं काही नाही."

मला हे पटलं नाही. नकाशा उघडला तर मधोमध डोंगर दिसतात, दऱ्या आहेत, तळी आहेत, भलंमोठं राष्ट्रीय उद्यान आहे. निळं पाणी मलाही हवंय, पण एवढा खर्च करून जायचं आणि बेट न बघताच परतायचं हे जिवावर येतं. जाऊन आलेल्यांनी सांगा, तिथला निसर्ग खरंच वेगवेगळा आहे का? आणि म्हातारी माणसं बरोबर असताना त्यातलं काय जमेल?

इगतपुरीकर
समुद्र सोडून काही नाही हे साफ चूक आहे. नुसत्या शामारेलच्या घाटरस्त्यासाठी गाडी घ्यावी असं ते बेट आहे. तपशील जाणकार देतीलच.

प्राजक्ता_ना
वाचतेय. आम्हीही पुढच्या वर्षी विचार करतोय.

मोकावासी
मूळचा नाशिकरोडचा, नोकरीमुळे सध्या मॉरिशसला मोका भागात राहतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी आकार लक्षात घ्या. मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपला नाशिक जिल्हा याच्या आठपटीहून मोठा आहे. एवढ्याशा जागेत इतकी विविधता येते ती वाऱ्यामुळे. वर्षाचा बहुतेक काळ इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते ओलावा घेऊन येतात, मधल्या पठारावर चढतात, तिथे पाऊस ओततात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. नाशिककरांना हे समजवायला नको, इगतपुरी आणि सिन्नर दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. दिशा मात्र उलटी, इथे पूर्वेला ओलं आणि पश्चिमेला कोरडं. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत.

म्हणून क्युरपीपला स्वेटर घालून निघालेला माणूस तासाभरात फ्लिक-आं-फ्लाकला पोचतो तेव्हा घामाघूम झालेला असतो. पठारावर धुकं, चहाचे मळे, शेवाळलेली झाडं. पश्चिमेला पिवळं गवत, काटेरी झुडपं, लख्ख ऊन. दक्षिणेला काळे कडे आणि खवळलेला समुद्र. उत्तरेला सपाट ऊसशेती आणि शांत पाणी. तुमचा टूरवाला तुम्हाला यातल्या फक्त शेवटच्या भागात ठेवतोय.

माझा सल्ला : मुक्काम दोन ठिकाणी विभागा. निम्मे दिवस पश्चिमेला, तामारीन किंवा फ्लिक-आं-फ्लाककडे, आणि उरलेले आग्नेयेला माएबूरच्या आसपास. विमानतळही त्याच बाजूला आहे, परतीच्या दिवशी धावपळ होत नाही.

रानवाटा
वेगळं मत मांडतो, राग नसावा. धबधबे, दऱ्या, डोंगर बघायला नाशिकच्या माणसाने समुद्रापार कशाला जायचं? मॉरिशसचं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. आपला ब्रह्मगिरी १,३०० मीटरच्या घरात आहे, साल्हेर १,५६७, कळसूबाई १,६४६. पावसाळ्यात त्र्यंबक ते भंडारदरा या पट्ट्यात कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं. नाशकात राहून हरिहर न पाहिलेले आणि अंजनेरीच्या पठारावर सप्टेंबरची फुलं न पाहिलेले कितीतरी लोक आहेत. समुद्रासाठी जायचं तर जा, तो आपल्याकडे तसा नाही हे मान्य. पण डोंगर बघायला नको.

पंचवटी
रानवाटा दादा, उंचीवर जाऊ नका. ८२८ मीटर असले तरी ते पार समुद्रातूनच उठलेले आहेत. आपण ब्रह्मगिरी चढायला सुरुवात करतो तेव्हा त्र्यंबक गावच सातशे मीटरच्या पुढे असतं.

इगतपुरीकर
+१. नैऋत्येचा ल मॉर्न डोंगर फक्त ५५६ मीटर आहे, पण लगूनच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ, शांत पाण्यातून सरळ उभा राहिलेला तो कातळ पहिल्यांदा दिसतो तेव्हा उंची विचारायचं सुचत नाही.

काळाकातळ
भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. रानवाटा आणि मोकावासी दोघांच्याही डोंगरांचं मूळ एकच आहे.

पांडवलेणी, अंजनेरी, ब्रह्मगिरी ज्या काळ्या दगडाचे आहेत तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून तयार झाला. तेव्हा आपला भूभाग इथे नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे मॉरिशसशेजारचं रियुनियन बेट आहे त्या भागावर होता. पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येण्याची ती जागा, म्हणजे हॉटस्पॉट, साधारण तिथेच राहिली आणि वरचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेलं. स्टोव्ह जागच्या जागी ठेवून वरून पत्रा सरकवत नेला तर पत्र्यावर डागांची रांग उमटेल, तसंच झालं. पहिला सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खनचं पठार. मग समुद्राखाली लक्षद्वीप, मालदीव, छागोसची रांग. पुढे मॉरिशस, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचं. शेवटी रियुनियन, जिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ हेच चित्र मानतात.

मग दोन्हीकडचे डोंगर दिसायला इतके वेगळे का? आपल्याकडे लाव्हा भेगांमधून निघून आडवा पसरला, थर सपाट राहिले, म्हणून सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. मॉरिशस हा एकच प्रचंड ज्वालामुखी होता. त्याचा मधला भाग खचला आणि कडेचा तुटका काठ शिल्लक राहिला. मोकाची रांग, ग्रां पोर्टची रांग, ब्लॅक रिव्हरचे डोंगर हे त्या काठाचे अवशेष. नंतरच्या उद्रेकांनी मधली जागा भरून आजचं पठार झालं. म्हणून तिथली शिखरं एकेकटी, टोकदार आणि चमत्कारिक आकाराची. पीटर बोथच्या शेंड्यावर तर भलामोठा धोंडा बसलेला आहे, खालून बघताना माणसाचं डोकं वाटतं.

कॉलेजरोडकर ताई, मुलांना दोन जागा नक्की दाखवा. एक, क्युरपीपचं ट्रू ओ सेर्फ, ज्वालामुखीचं तोंड. सुमारे ३०० मीटर रुंद, आत दाट झाडी, तळाशी पाणी. गाडी थेट काठापर्यंत जाते, आजी-आजोबांनाही चालावं लागत नाही. दुसरी, सुयाकजवळचा रोचेस्टर धबधबा. उंचीला लहान आहे, पण पाणी उभ्या चौकोनी खांबांवरून पडतं. लाव्हा थंड होताना आकसला की असे खांब पडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल.

प्राजक्ता_ना
सर, अंगावर काटा आला. लहानपणापासून अंजनेरी बघतेय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

मिसळप्रेमी
म्हणजे मॉरिशस आपलं धाकटं भावंडच. मग तिथे मिसळ मिळायलाच हवी!

मोकावासी
मिसळ नाही, पण नाक्यानाक्यावर दालपुरी मिळते. दोन पुऱ्या, वर घेवड्याची भाजी आणि तिखटजाळ मिरचीचा ठेचा. नाशिकच्या जिभेला चालते.

मिसळप्रेमी
तिकीट काढतो.

रानवाटा
काळाकातळ सर, सुंदर लिहिलंत. तरी माझा मुद्दा तिथेच आहे, थोरलं भावंड आधी बघा. एक शंका : सात रंगांची माती म्हणून जे दाखवतात ते खरंच तसं असतं, की फोटोत रंग वाढवतात? आमच्या एका मित्राला ते अगदीच किरकोळ वाटलं.

काळाकातळ
रंग खरे आहेत. शामारेलला बेसाल्ट उष्ण, दमट हवेत कुजून त्याची माती झाली. कुजताना पाण्यात विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहामुळे तांबडा-तपकिरी, ॲल्युमिनियममुळे निळा-जांभळा अशा छटा येतात. पोषक द्रव्यं धुऊन गेल्यामुळे त्यावर गवतही उगवत नाही, म्हणून ते उघडे चढउतार तसेच दिसतात. जांभा दगड ज्या क्रियेने होतो, त्याच जातीची ही क्रिया.

इगतपुरीकर
तुमच्या मित्राला किरकोळ का वाटलं तेही सांगतो. जागा लहान आहे. कठड्याबाहेरून बघायचं असतं, मातीवर पाय ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बहुतेक बस भर दुपारी येतात, तेव्हा डोक्यावरच्या उन्हात रंग फिके पडतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. जवळच शामारेलचा धबधबा आहे, साधारण १०० मीटर, हिरव्या दरीत एकसंध पडतो. तिथे मोठी अल्दाब्रा कासवंही आहेत, मुलं हलत नाहीत तिथून.

चिमणपाखरे
उशिरा आले, पण माझा जीव ज्यात गुंतलाय त्यावर कुणीच बोललं नाही. तिथले जीव!

हे बेट कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. जे उडत, पोहत किंवा वाहत आलं तेच तिथे रुजलं आणि एकांतात वेगळं होत गेलं. जमिनीवर शिकारी सस्तन प्राणी नव्हतेच, म्हणून डोडोसारखा पक्षी उडणं विसरला. सतराव्या शतकात माणूस आला, त्याच्याबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली, आणि ते शतक संपेपर्यंत डोडो संपला होता. डच लोकांनी आबनूसच्या जातीची काळ्या लाकडाची झाडं तोडून नेली, पुढे उसासाठी जंगल साफ झालं. आज चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय.

पण गोष्ट तिथे थांबत नाही, म्हणून मला हे बेट इतकं प्रिय आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ साली रानात फक्त चार उरला होता. चार! गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास दहाएकच राहिली होती. अंडी जपून, पिल्लं वाढवून, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करून या दोन्ही जाती परत रानात आणल्या गेल्या, आज दोन्हींची संख्या शेकड्यांत आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ साली झालं, ६५ चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. वरच्या रस्त्यावरच्या सज्जातून दरी बघता येते, ज्येष्ठांना तेवढं पुरे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी माशाबेच्या वाटेने आत जावं.

तिथे गेलात की एक गोष्ट ध्यानात घ्या. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, पण त्यातला मोठा भाग बाहेरून आलेल्या पेरूच्या एका जातीचा आहे. लाल, बोराएवढी फळं लागतात, लोक आवडीने खातात, आणि त्याच झुडपांच्या गचपणात मूळ झाडांची रोपं उगवू शकत नाहीत. आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडीने जे चालवलंय तेच.

रानवाटा दादा, तुम्ही अंजनेरीच्या फुलांचं नाव काढलंत म्हणून सांगते. अंजनेरीच्या नावाने ओळखलं जाणारं ते कंदीलपुष्प जसं या डोंगररांगेतलं खास, तसं ल मॉर्नच्या कातळावर एक लाल, घंटेसारखं फूल येतं, ट्रोचेशिया बूटोनियाना. निसर्गात ते तेवढ्या एका डोंगरावरच आहे. मॉरिशसने १९९२ साली त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

रानवाटा
चिमणपाखरे ताई, चार ससाण्यांची गोष्ट वाचून गप्प झालो. या एका कारणासाठी मीही जाईन. डोंगरांबद्दल माझं मत कायम.

आजी_नाशिक
मी दोन शब्द लिहिते, कारण ज्येष्ठांचा प्रश्न आहे. मी सत्तरीत जाऊन आले, लेक-जावयाबरोबर. गंगा तलाव अवश्य करा. डोंगरावर, धुक्यात, ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं आहे. वाटेवर ३३ मीटर उंच मंगल महादेव उभा आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावड घेऊन पायी येतात. पायऱ्या फार नाहीत, पण ओल्या असतात, चप्पल घट्ट हवी. माकडं हातातला प्रसाद ओढतात, पिशवी बंद ठेवा. आणि शाल न्या. खाली उकडतं म्हणून शाल खोलीवर राहते आणि वर गेल्यावर दात वाजतात.

मोकावासी
आजींनी अगदी योग्य सांगितलं. देवाधर्माचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. १८३४ पासून करारावर मजूर आणले गेले, त्यात मुंबई बंदरातून आलेले मराठी लोकही होते. पश्चिमेला कास्काव्हेलच्या बाजूला आजही मराठी वस्ती आहे. भजनं जपली आहेत, गणपती बसवतात, नदीत किंवा समुद्रात विसर्जन करतात.

याचा निसर्गाशी काय संबंध म्हणाल, तर ऊसाच्या शेतांकडे बघा. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, काही तर दुमजली घराएवढे. जमीन लाव्हाच्या धोंड्यांनी भरलेली होती, ते हाताने वेचून, उचलून, रचून मग ऊस लावला गेला. उन्हातान्हात ते वेचणारे हात या मजुरांचे. पर्यटक हे ढीग बघून पुढे जातात, कुणी थांबत नाही. माझी विनंती आहे, मुलांना घेऊन एका ढिगापाशी थांबा.

कॉलेजरोडकर
किती भरभरून लिहिताय सगळे, मनापासून आभार. सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं, ते आता दगडांचे ढीग बघायचेच म्हणून बसलेत. एक विचारायचं होतं : दक्षिणेकडे समुद्र खवळलेला असतो असं मोकावासींनी लिहिलंय. मुलांना पोहायला कुठे न्यायचं?

मोकावासी
बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं लगूनचं पाणी शांत आणि उथळ. पण भिंत अखंड नाही. नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो, प्रवाळ वाढत नाही, तिथे खिंडी पडतात. त्या खिंडीतून भरती-ओहोटीचं पाणी जोरात ये-जा करतं, तिथे पोहू नये. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री भागात तर भिंतच नाही. महासागर थेट कड्यावर आदळतो. बघायला जरूर जा, जमीन हादरल्यासारखी वाटते, पण पाण्यात पाऊलही टाकू नका.

मुलांसाठी पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक, उत्तरेचं माँ श्वाझी किंवा आग्नेयेचं ब्लू बे. ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून आजी-आजोबांनाही प्रवाळ दिसेल. पाण्यात उतरताना रबरी बूट घाला. सागरी काटेसाळ आणि दगडमासा, दोन्ही पायाखाली आले तर हाल होतात.

पंचवटी
तिथली वाळू इतकी पांढरी का? आपल्या कोकणात तशी नसते.

काळाकातळ
कारण ती दगडाची वाळू नव्हेच. प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचा चुरा आहे. बेटाचा स्वतःचा दगड काळा, पांढरं सगळं समुद्रातल्या जिवांनी बनवलेलं. गंमत म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत आणि नंतर तिथल्या खडकांतही झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडले. खडकांतले स्फटिक तर तीन अब्ज वर्षांपर्यंत जुने, हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. ९० लाख वर्षांच्या बेटात इतके जुने कण म्हणजे लाव्हाने वर येताना खाली दडलेल्या एखाद्या प्राचीन भूखंडाचे तुकडे उचलून आणले असणार, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

चिमणपाखरे
प्रवाळाचा विषय आहे म्हणून. २५ जुलै २०२० ला वाकाशियो नावाचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ याच प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. लोकांनी सरकारची वाट न बघता ऊसाचं पाचट पोत्यांत आणि कापडात भरून, तरंगते बांध शिवून पाण्यात सोडले. बायकांनी केस कापून दिले, केस तेल शोषतात म्हणून. ईल ओ एग्रेत हे छोटं बेट त्याच परिसरात आहे, २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या चुनखडीचं. गुलाबी कबुतरं आणि मूळ काळ्या लाकडाची झाडं तिथे जपली आहेत. माएबूरजवळून बोट मिळते, मार्गदर्शकाबरोबरच फिरवतात. ताई, पॅरासेलिंगचे पैसे वाचवून हे करा.

इगतपुरीकर
पॅरासेलिंग मुलांना करू द्या हो, तेही लक्षात राहतं. पाण्याखालचा धबधबा म्हणून जे फोटो फिरतात ते मात्र किनाऱ्यावर शोधत बसू नका. ल मॉर्नजवळ वाळू आणि गाळ उताराने खोल पाण्याकडे जातो, तो वरून धबधब्यासारखा भासतो. हेलिकॉप्टरमधूनच दिसतं, आणि ते महाग आहे.

कॉलेजरोडकर
टूरवाल्यांना नकार कळवला. आता असं ठरवतेय : आधी पश्चिमेला मुक्काम. तिथून एक दिवस शामारेल, दरीचा सज्जा आणि गंगा तलाव. एक दिवस ल मॉर्नचा पायथा आणि पोहणं. मग क्युरपीपचं ट्रू ओ सेर्फ करत माएबूरकडे. तिथून ईल ओ एग्रेत, ब्लू बे, आणि एक दिवस ग्री-ग्री व रोचेस्टर. पाम्प्लेमूसची बाग उत्तरेला आहे म्हणून सोडावी लागतेय, वाईट वाटतंय. गाडी स्वतः चालवावी का?

मोकावासी
आखणी उत्तम. रस्त्याची डावी बाजू, आपल्यासारखीच. पण सहा जण आणि सामान म्हटल्यावर ड्रायव्हरसह मोठी गाडी घ्या. शामारेलचा घाट अरुंद आहे, रात्री टाळा. पाम्प्लेमूस सोडू नका. सपाट बाग आहे, सासू-सासऱ्यांना सावलीत फिरता येईल, परातीएवढ्या पानांची कमळं आहेत. उतरल्याच्या दिवशी होणार नाही, पण पश्चिमेकडून महामार्गाने अर्ध्या दिवसात जमतं. दिवाळीच्या सुमारास इथे उन्हाळा सुरू होतो, हवा कोरडी असते, वादळांचा काळ पुढे जानेवारी ते मार्चमध्ये. वेळ चांगली निवडलीत.

आजी_नाशिक
गुडघेदुखीची गोळी सामानात नको, हातातल्या पिशवीत ठेवा.

प्राजक्ता_ना
रॉड्रिग्जला कुणी गेलंय का? ते या बेटापेक्षा वेगळं आहे का?

मोकावासी
खूप वेगळं. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे, विमानाने दीड तास. अवघं १०८ चौरस किलोमीटर, आणि भोवतीचं लगून जमिनीपेक्षा मोठं. ऊस नाही, मोठी हॉटेलं नाहीत. डोंगरउतारावर मका, शेळ्या आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात उभ्या राहून कालवं, ऑक्टोपस गोळा करणाऱ्या बाया. चुनखडीच्या गुहाही आहेत. पण कमी दिवसांत दोन्ही बेटं कोंबू नका. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.